लोणारवर आदळलेला दगड कोणत्या आकाराचा होता?

सकाळी आपण सगळे लेणी पाहून आलो आहोत, पाय बोलायला लागले असतील, तेव्हा आता निवांत बसून ऐकायचं. अजिंठ्यात आलेला वक्ता चित्रांवर बोलतो अशी रीत आहे. आज आपण दगडांवर बोलणार आहोत, आणि तेही आकाशात फिरणाऱ्या दगडांवर.

सुरुवात मात्र सकाळच्याच एका लेण्यापासून करू. चोविसाव्या लेण्यापाशी आपल्यातले बरेच जण दारातूनच मागे फिरले, कारण आत चित्र नाही. ते लेणं अपुरं राहिलं आहे. पण लेणी कशी कोरली हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याच्यासाठी पहिल्या किंवा सतराव्या लेण्यापेक्षा हे चोविसावं जास्त बोलकं आहे. पुऱ्या झालेल्या लेण्यात छिन्नीच्या खुणा घासून, लिंपून, रंगवून झाकलेल्या असतात. इथे मात्र आधी छत मोकळं करून मग खाली उतरत जाण्याची पद्धत आणि दगडातून अर्धेमुर्धे सुटलेले खांब समोर दिसतात. आकार घडत असताना काम थांबलं, म्हणून आकार कसा घडतो ते कळलं. ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे लागेल.

अजिंठ्यापासून आग्नेयेला, सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटरवर लोणार आहे. तोच आपला काळा कातळ, दख्खनच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. त्यात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, काठापासून तळापर्यंत दीडशेक मीटर खोल, आणि तळाशी खारं पाणी. २८ एप्रिल १८१९ रोजी कंपनीच्या फौजेतला जॉन स्मिथ अजिंठ्याच्या लेण्यांत शिरला आणि चारच वर्षांनी, १८२३ मध्ये, अलेक्झांडर नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. पुस्तकांत दोन्हींना ‘शोध’ म्हणतात. आता लोणारच्या काठावर दैत्यसूदनाचं देऊळ शेकडो वर्षं उभं आहे, लवणासुराची कथा घरोघर सांगितली जाते, आईन-ई-अकबरीत तिथल्या क्षारांचा उल्लेख आहे, तेव्हा शोध कुणी कुणाचा लावला हे तुम्हीच ठरवा. अलेक्झांडरने केलं ते इतकंच, की हा खड्डा झाला कसा हा प्रश्न इंग्रजी कागदावर आणला.

उत्तर सापडायला मात्र दीडशे वर्षं गेली. एकोणिसाव्या शतकातल्या जवळपास सगळ्यांनी म्हटलं, ज्वालामुखी. त्यांना हसण्याचं कारण नाही. शेकडो मैल पसरलेल्या लाव्ह्यात गोल खड्डा दिसला तर शहाणा माणूस आणखी काय म्हणेल? १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश यांनी थोडा वेगळा तर्क केला: खालून दाब येऊन जमीन फोडासारखी फुगली आणि मग खचली.

इथे जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण लोणारचा जुळा भाऊ म्हणावा असा खड्डा ॲरिझोनात आहे आणि त्याची तपासणी आधी झाली. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा फार मोठा भूवैज्ञानिक. १८९१ मध्ये तो तिथे गेला तेव्हा खड्ड्याभोवती लोखंडी अशनी विखुरलेले होते, म्हणजे आकाशातून काहीतरी पडलं असावं अशी शंका त्याला होतीच. त्याने दोन कसोट्या लावल्या. पडलेला गोळा जमिनीत पुरलेला असेल तर चुंबकसुईला तो जाणवला पाहिजे. आणि गोळ्याने खालची जागा अडवलेली असेल तर काठावर टाकलेला माल खड्ड्यात परत भरल्यावर उरला पाहिजे. सुई हलली नाही आणि मालही उरला नाही. गिल्बर्टने प्रामाणिकपणे निकाल दिला की हा वाफेचा स्फोट.

मोजमाप बरोबर, निकाल चूक. चूक नेमकी कुठे झाली? त्याच्या मनातला दगड एकसंध होता, आणि तो बंदुकीच्या गोळीसारखा भोक पाडून आत बसतो असं त्याने धरलं होतं. सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक किलो दगडात तीस किलोहून जास्त टीएनटीची ऊर्जा असते. असा दगड जमिनीत शिरून बसत नाही. तो टेकल्याबरोबर स्वतःच्याच ऊर्जेने फुटतो, बराचसा वितळतो, वाफ होतो. खड्डा पाडतो तो हा स्फोट, आणि स्फोट सगळ्या बाजूंना सारखा पसरतो. म्हणून अगदी तिरप्या कोनातून आल्याशिवाय खड्डा गोलच होतो, मग येणारा दगड चौकोनी असो, लांबुळका असो की वाकडातिकडा.

तेव्हा लोणारच्या काठावर उभं राहून ‘केवढा गोल दगड पडला असेल’ असं मुलं म्हणतात, तिथे आपण त्यांना थांबवायला हवं. खड्ड्याच्या गोलाईवरून दगडाच्या आकाराबद्दल काहीच कळत नाही. लोणार हे पुरं झालेलं लेणं आहे, छिन्नीच्या खुणा पुसलेलं. आकार समजून घ्यायचा तर अजून न आदळलेले, पृथ्वीच्या आसपास फिरत असलेले दगड पाहावे लागतील. त्यांनाच पृथ्वीजवळचे लघुग्रह म्हणतात.

यातला पहिला सापडला १३ ऑगस्ट १८९८ रोजी, बर्लिनमध्ये गुस्ताव्ह विट यांना. नाव पडलं इरॉस. दुर्बिणीतून पाहिलं तर नुसता ठिपका. १९०१ मध्ये ओपोल्त्सर यांच्या लक्षात आलं की हा ठिपका काही तासांत उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. रताळं दोरीला टांगून फिरवा: आडवी बाजू समोर आली की जास्त दिसतं, टोक समोर आलं की कमी. इरॉसचं तेच चाललं होतं, सव्वापाच तासांत एक फेरी.

मग फक्त उजेडाच्या चढउतारावरून आकार काढता येईल का? १९०६ मध्ये हेन्री नॉरिस रसेल यांनी गणिताने दाखवलं की एवढ्यावर भागणार नाही. लांबुळका दगड आणि काळेपांढरे डाग असलेला गोल दगड दोन्ही सारखाच चढउतार दाखवू शकतात. या निकालाने बऱ्याच जणांचा उत्साह मावळला. पुढे १९३१ मध्ये इरॉस जवळून गेला तेव्हा जोहान्सबर्गच्या मोठ्या दुर्बिणीतून त्याचं लांबटपण थेट डोळ्याला जाणवलं. रसेलने बंद केलेलं दार किलकिलं करायला मात्र २००१ साल उजाडावं लागलं. फिनलंडच्या मिक्को कासालाइनेन यांनी वेगवेगळ्या कोनांतून, अनेक वर्षं घेतलेली मोजमापं एकत्र करून आकार काढायची रीत बसवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एक यान इरॉसवर उतरलंही. इरॉस निघाला ३४ किलोमीटर लांब आणि ११ किलोमीटर रुंद, खरोखर रताळंच.

मधल्या काळात रडार आलं होतं. १९८९ मध्ये स्टीव्हन ऑस्ट्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरेसिबोच्या प्रचंड तबकडीतून एका लघुग्रहाकडे लहरी पाठवल्या आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून त्याचं रूप काढलं. त्याचं नाव कॅस्टेलिया. भुईमुगाची शेंग डोळ्यांपुढे आणा, दोन दाण्यांची, मध्ये कंबर असलेली. दोन वेगळे गोळे एकमेकांना टेकून बसलेले! आदळले असते तर दोघांचा चुरा झाला असता. माणूस चालतो तितक्या सावकाश ते एकमेकांजवळ आले असणार. अशा शेंगा नंतर बऱ्याच सापडल्या. त्यांनी एक मोठा प्रश्न टाकला: आकाशात सगळं सेकंदाला कित्येक किलोमीटर धावत असताना दोन दगड इतक्या हळुवार भेटतात कसे?

उत्तराचा अर्धा भाग २००५ मध्ये जपानच्या हायाबुसा यानाने आणला. इटोकावा हा जेमतेम ५३५ मीटरचा लघुग्रह. यान जवळ गेलं तर समोर एकसंध खडक नव्हताच. दगडगोटे, खडी, वाळू यांचा ढिगारा होता. घनता पाण्याच्या १.९ पट. अशा जातीचा सलग दगड पाण्याच्या तीनपटीहून जड असतो, म्हणजे आत चाळीसेक टक्के पोकळ्या आहेत. पुढे बेनू पाहिला, त्याची घनता तर १.१९. हे दगड नव्हेत, राशी आहेत. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात मोठे लघुग्रह एकमेकांवर आदळून फुटतात आणि त्यांचे तुकडे आपल्याच क्षीण गुरुत्वाकर्षणाने पुन्हा गोळा होतात. त्यातल्या काही राशी वाट सोडून आपल्याकडे येतात.

खरं तर याची चाहूल आधीच लागली होती. शेकडो लघुग्रहांचं फिरणं मोजल्यावर असं दिसलं होतं की दोनशे मीटरपेक्षा मोठा लघुग्रह सुमारे २.२ तासांपेक्षा कमी वेळात स्वतःभोवती फेरी घेताना जवळजवळ सापडतच नाही. सलग खडक असते तर कितीही जोरात फिरले असते. रास मात्र त्याहून जोरात फिरली की विषुववृत्तावरचे गोटे सुटू लागतात.

पण राशीला फिरवतं कोण? इथे या इतिहासातलं आम्हाला सगळ्यात आवडणारं पात्र येतं. इव्हान यार्कोव्हस्की हा रशियात नोकरी करणारा पोलिश अभियंता. १९०१ च्या सुमारास त्याने स्वतःच्या खर्चाने एक पत्रक छापलं: सूर्याने तापलेला फिरता गोळा उष्णता बाहेर टाकतो तेव्हा त्याला बारीकसा धक्का बसतो. पत्रक कुणी वाचलं नाही आणि काळाच्या ओघात हरवलं. पण एर्न्स्ट ओपिक नावाच्या एस्टोनियन तरुणाने ते १९०९ च्या आसपास वाचलं होतं. चाळीस वर्षांनी, १९५१ मध्ये, त्याने आठवणीतून ते नाव आणि ती कल्पना पुन्हा मांडली. एका वाचकाच्या स्मरणशक्तीवर शास्त्राची एक शाखा तगली!

या धक्क्याची एक चुलत कल्पना आपल्या कामाची आहे. जत्रेत कागदाचं भिरभिरं मिळतं. पाती सरळ असती तर वारा लागून ते फिरलं नसतं. पाती तिरकी असतात म्हणून फिरतं. लघुग्रह वेडावाकडा असला की त्याचे उतार म्हणजे तिरकी पातीच. वाऱ्याऐवजी ऊन. तापलेला प्रत्येक उतार उष्णता बाहेर टाकताना किंचित मागे रेटला जातो. गोल चेंडूवर हे रेटे एकमेकांना मारून टाकतात, वाकड्या दगडावर थोडा पीळ शिल्लक राहतो. यार्कोव्हस्की, ओ’कीफ, राडझिएव्हस्की आणि पॅडॅक या चौघांच्या नावांतून डेव्हिड रुबिनकॅम यांनी २००० मध्ये याला ‘यॉर्प’ असं नाव दिलं. २००७ मध्ये तो प्रत्यक्ष मोजलाही गेला, शंभरेक मीटरच्या एका लघुग्रहावर. तो १२ मिनिटांत एक गिरकी घेतो आणि ही गिरकी दर वर्षी सेकंदाच्या हजाराव्या भागाने लहान होते आहे. हसू येईल इतका कमी बदल, पण लाखो वर्षं साचला की राशीचं रूप पालटतो.

कसं पालटतो ते बघू. खळ्यावर ज्वारीची रास घातली की तिचा उतार ठराविकच राहतो. वरून आणखी दाणे ओतले तरी ते घरंगळून तोच उतार धरतात. आता ती रास अंतराळात आहे आणि हळूहळू जोरात फिरते आहे अशी कल्पना करा. मध्यावर वजन सर्वांत कमी भासतं, म्हणून ध्रुवांकडची खडी घरंगळत विषुववृत्ताकडे येते. जात्यात दळताना पीठ जसं मधून सरकत कडेला येतं आणि पाळीभोवती साचतं, तसा मध्यावर एक कंगोरा तयार होतो. दोन्ही बाजूंना निमुळता, मध्ये रुंद. म्हणजे भोवरा! फिरणं आणखी वाढलं तर कंगोऱ्यावरचा माल सुटून बाहेर पडतो आणि बाहेरच जमून त्याचा चंद्र होतो. मे २००१ मध्ये रडारने ‘१९९९ केडब्ल्यू ४’ हा लघुग्रह पाहिला तेव्हा हे चित्र जसंच्या तसं दिसलं: पावणेतीन तासांत फिरणारा भोवरा आणि त्याच्याभोवती लहानसा चंद्र. पृथ्वीजवळच्या मोठ्या लघुग्रहांपैकी सहा-सातांतल्या एकाला असा सोबती असतो. सोबती लांब जाऊ शकला नाही तर कधीकधी सावकाश परत येऊन टेकतो, आणि आपली भुईमुगाची शेंग तयार होते. हळुवार भेटीच्या कोड्याचा उरलेला अर्धा भाग हा.

इतकं छान जुळल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण जपानचं यान २०१८ मध्ये रियुगूवर आणि अमेरिकेचं बेनूवर पोहोचलं. दोघेही सुरेख भोवरे. पण दोघांच्याही कंगोऱ्यावर मोठमोठी विवरं आहेत. म्हणजे कंगोरा जुना, विवरं नंतरची. शिवाय रियुगू आज ७.६ तासांत एक फेरी घेतो, इतक्या संथ फिरण्याने कंगोरा उठत नाही. काही संशोधकांचं म्हणणं असं पडलं की भोवरा उन्हाने हळूहळू घडलेला नसून जुन्या लघुग्रहाचे तुकडे पुन्हा गोळा होतानाच हा घाट आला. दुसरे म्हणतात, पूर्वी कधीतरी तो दुप्पट वेगाने फिरत होता आणि नंतर त्याच उन्हाने त्याला संथ केलं. आमचा कौल असा की एकाच घाटाच्या दोन वाटा असायला काही हरकत नाही. कुंभाराने चाकावर केलेलं आणि साच्यातून काढलेलं मडकं लांबून सारखंच दिसतं.

यात नुसता घाटाचा प्रश्न असता तर तुमची दुपार घेतली नसती. २० ऑक्टोबर २०२० रोजी यानाने बेनूला माती घ्यायला हात लावला, तेव्हा तो हात अर्धा मीटर आत गेला. ज्वारीच्या राशीत खुपसल्यासारखा! मागे ढकलणारी यंत्रणा वेळेवर सुरू झाली नसती तर यान आणखी बुडत गेलं असतं. अशी एखादी रास उद्या पृथ्वीच्या वाटेवर असेल तर तिला ढकलायचं कसं? खडकाला धक्का दिला की खडक सरकतो. राशीला धक्का दिला की काय होतं हे २६ सप्टेंबर २०२२ रोजी करून पाहिलं. डायमॉर्फस हा सुमारे दीडशे मीटरचा चंद्र, डिडिमॉस नावाच्या भोवऱ्याभोवती फिरणारा. डार्ट यान त्याच्यावर मुद्दाम आदळवलं. प्रदक्षिणेच्या वेळेत ७३ सेकंदांचा फरक पडला तरी प्रयोग यशस्वी म्हणायचं ठरलं होतं. फरक पडला तब्बल ३३ मिनिटांचा. कारण राशीतून प्रचंड माल मागे उडाला आणि त्याच्या उलट्या रेट्याने डायमॉर्फस जास्त सरकला. त्याचा घाटही बदलला असावा असं गणितं सांगतात. ते जवळून तपासायला हेरा हे युरोपी यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं. तेव्हा आकार आणि आतली बांधणी समजणं हे उद्याच्या लोणारपासून वाचण्याचं काम आहे.

आता परत आपल्या लोणारला येऊ. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी तलावाच्या तळाशी भोकं पाडून काढलेल्या दगडांवर निबंध लिहिला आणि ज्वालामुखीचा वाद मिटला. त्या दगडांत मास्केलिनाइट मिळालं होतं. बेसॉल्टमधलं फेल्डस्पार न वितळता, निव्वळ धक्क्याने काच होतं, त्याला हे नाव आहे. ज्वालामुखीला असा धक्का देता येत नाही. योगायोग असा की हे खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १८६५ मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेल्या अशनीत. वय किती यावर मात्र मोठा फरक आहे: एका पद्धतीने ५२ हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार.

दगड शंभरेक मीटरचा असावा. म्हणजे १२ मिनिटांत गिरकी घेणारा तो लघुग्रह आणि डायमॉर्फस हे दोघे त्याच्याच मापाचे. पहिला इतका जोरात फिरतो की नुसती सुटी रास असता तर टिकला नसता. दुसरा सैल ढिगारा. आपला पाहुणा कुणासारखा? २०१९ मध्ये लोणारच्या वितळलेल्या दगडातलं क्रोमियम तपासून संशोधकांनी सांगितलं की तो बहुधा कार्बनयुक्त, ठिसूळ जातीचा असावा, म्हणजे बेनू-रियुगूच्या गोतावळ्यातला. ठिसूळ होता तर हवेतच विखुरला का नाही? कारण दाट हवेचा थर ओलांडायला त्याला सेकंद-दीड सेकंद लागला असेल. तडे गेले तरी तुकड्यांना लांब जायला वेळच मिळाला नाही.

आणि त्याला सोबती होता का? मोठ्या विवराच्या उत्तरेला सातशेक मीटरवर अंबर तळं आहे, लहान, गोलसर. दुसरा तुकडा तिथे पडला असं १९७३ पासून सांगितलं जातं, आणि दोघे मिळून आले हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? पण मास्केलिनाइटसारखा पक्का पुरावा तिथे मिळालेला नाही आणि नंतर पाहणी करणाऱ्यांनी शंकाच घेतली आहे. तेव्हा जोडीची गोष्ट सध्या बाजूला ठेवू.

लोणारच्या काठाबाहेरच्या मातीत मात्र काचेचे बारीक मणी मिळतात, काही मोहरीएवढे, काही त्याहून लहान. स्फोटात वितळलेला आपला बेसॉल्ट आणि त्यात मिसळलेला चिमूटभर पाहुणा यांचे ते थेंब. हवेत उडताना, गरगरताना ते गोठले. काही गोल आहेत, काही थेंबासारखे शेपटीचे, आणि काही मध्ये कंबर असलेले, दोन्हीकडे फुगीर, अगदी शेंगेसारखे. तिथे घाट दिला तो द्रवाच्या पृष्ठताणाने आणि गिरकीने, वर आकाशात देतात गुरुत्वाकर्षण आणि गिरकी. ते तिथे क्षणात झालं, इथे लाखो वर्षं लागतात.

उद्या जे लोणारला येणार आहेत त्यांना मणी भिंगातून दाखवू. तो परिसर संरक्षित आहे, तेव्हा खिशात काही घालायचं नाही, हे आताच सांगून ठेवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.